पंचगव्यापासून डिटॉक्सपर्यंत

माझी भाची जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहात राहून बी.एस्सी. करते. मागच्या उन्हाळ्यात ती प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली. मैत्रिणींनी सरकारी दवाखान्यात नेले, सलाईन लावले गेले आणि मला निरोप आला. मी पोचलो तेव्हा ती खाटेवर उठून बसली होती आणि डॉक्टरीणबाई तिला रागावत होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की, चार दिवस पोरीने भाकरीचा तुकडा तोंडात घातला नव्हता. सकाळी लिंबू-मधाचे गरम पाणी, दुपारी दुधीचा रस, रात्री काकडीचा रस. कुणीतरी दिलेला एक छापील कागद तिच्या वहीत होता. सात दिवसांचा 'डिटॉक्स' आहार. शरीरात साठलेली विषे बाहेर काढण्याचा. खाली वर्ज्य पदार्थांची यादी होती : मटण, मासे, सुकट, अंडी, कांदा, लसूण, तिखट, शिळे अन्न. आमच्या घरात जे जे शिजते ते कुणीतरी ओळीने लिहून ठेवल्यासारखे वाटले.

घरी आणल्यावर रात्री तिने विचारले, "मामा, आपलं खाणं खरंच असं होतं का? विषारी?"

मी इतिहासाचा मास्तर आहे, वैद्य नव्हे. तिला त्या रात्री मी दिलेले उत्तर तुटक होते. नंतर पुस्तके उलटीपालटी केली तेव्हा ध्यानात आले की, या प्रश्नात शरीरशास्त्र थोडे आहे आणि इतिहासच फार आहे. तो जमेल तसा इथे मांडतो.

शरीरशास्त्र आधी उरकून घेऊ. डिटॉक्स हा शब्द वैद्यकात आहे आणि तिथे त्याला नेमका अर्थ आहे. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यातून सोडवणे, किंवा शिसे अंगात भिनलेल्या कामगाराला औषध देऊन ते शिसे लघवीवाटे बाहेर काढणे, याला तो लावतात. तिथे विषाला नाव असते, ते मोजता येते. पोरीच्या कागदावर विषाचे नावच नव्हते. शरीरात रोज तयार होणारी घाण रोज काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. यकृत अमोनियाचा युरिया करते. दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा शरीराला परत देतात आणि दीड-दोन लिटर तेवढे बाहेर टाकतात. काकडीचा रस प्याल्याने ती अधिक जोमाने गाळत नाहीत. उलट मूत्रपिंडे अधू असतील तर रसातले पोटॅशियम जिवावर बेतते, आणि मधुमेही माणसाने इन्शुलिन घेऊन असा उपास धरला तर साखर उतरून तो बेशुद्ध पडतो. दुधीचीही गोष्ट आहे. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस पिऊन दगावले. मग तज्ज्ञांची समिती बसली आणि तिने सांगितले की, रस कडू लागला तर पिऊ नये. माझी आई दुधी चिरण्याआधी देठाकडची चकती जिभेला लावून पाहायची. तिला कुठल्या समितीने सांगितले नव्हते.

मग निरोगी माणसाच्या पोटात विष साठते आणि ते उपासाने काढावे लागते, ही कल्पना आली कुठून? मला तिच्या दोन वाटा दिसतात. एक परदेशातली, आणि ती फार जुनी नाही. १८८७ साली पॅरिसच्या शार्ल बुशार या डॉक्टरांनी 'स्वयंविषबाधे'वरची आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. आतड्यात कुजणाऱ्या अन्नातून विष रक्तात उतरते आणि माणूस आपल्याच घाणीने आजारी पडतो, असे त्यांचे म्हणणे. पुढची तीस वर्षे या कल्पनेने धुमाकूळ घातला. लंडनचे आर्बथनॉट लेन हे नामांकित शल्यविशारद बद्धकोष्ठावर उपाय म्हणून रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढू लागले. अमेरिकेत बॅटल क्रीक येथे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्या आरोग्यधामात श्रीमंत मंडळी एनिमा, दही आणि शाकाहार घेण्यासाठी रांगा लावीत. १९१९ मध्ये वॉल्टर आल्व्हारेझ या अमेरिकन डॉक्टरांनी साधा मुद्दा काढला : शौचाला झाल्याबरोबर माणसाचे डोके दुखायचे थांबते, विष रक्तात असते तर ते इतक्या झटपट उतरले असते काय? दुखणे आतडे ताणले गेल्याचे आहे, विषाचे नव्हे. हळूहळू डॉक्टरांनी तो सिद्धांत टाकून दिला. बाजाराने मात्र तो सांभाळून ठेवला.

केलॉगसाहेबांची दुसरी बाजू त्यांच्या मक्याच्या पोह्यांच्या खोक्यावर छापलेली नसते. १९१४ साली त्याच बॅटल क्रीकमध्ये त्यांनी 'वंशसुधारणे'ची राष्ट्रीय परिषद भरवली. निकृष्ट ठरवलेल्या माणसांची प्रजा वाढू नये आणि वंशांची सरमिसळ होऊ नये, या मताचे ते होते. आतड्यातली घाण आणि समाजातली 'घाण' या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकाच कप्प्यात होत्या. हे वाचताना मला आश्चर्य वाटले नाही. आपल्याकडे तो कप्पा दोन हजार वर्षे उघडाच आहे.

दुसरी वाट म्हणजे आपल्या घरची. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय प्रायश्चित्तांचा. तो मी अनेकदा वाचला होता. पण भाचीचा कागद शेजारी ठेवून वाचला नव्हता. त्यात तप्तकृच्छ्र आहे : तीन-तीन दिवस फक्त गरम पाणी, गरम दूध, गरम तूप. चांद्रायण आहे : कृष्णपक्षात रोज एक घास कमी करीत अमावास्येला पूर्ण उपास, मग शुक्लपक्षात रोज एक घास वाढवीत पौर्णिमा. सांतपन आहे : गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप आणि कुशाचे पाणी घ्यायचे, मग एक दिवस उपास. दिवस ठरलेले, माप ठरलेले, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत आखीव तक्ता. आजचा कागद त्याची नक्कल आहे असा माझा दावा नाही. छापणाऱ्याने मनू वाचला असण्याचीही शक्यता नाही. पण साचा तोच आहे : तू काहीतरी खाल्लेस, त्याने तू मळलास, आता इतके दिवस इतके घास.

हा मळ म्हणजे काय, हे पराशरस्मृती फोड करून सांगते. तिच्या सहाव्या अध्यायात चांडाळाच्या भांड्यातले पाणी पिणाऱ्या द्विजाचा प्रश्न आहे. पिऊन लगेच ओकून टाकले तर प्रायश्चित्त हलके. न ओकता ते अंगात जिरले तर सांतपन कृच्छ्र. विषबाधेच्या रोग्याला डॉक्टर हेच विचारतो, उलटी झाली का? पाणी तेच, विहीर तीच, भांडे कुणाचे एवढाच फरक. आणि त्या फरकाला वैद्यकाची भाषा लावली आहे. ज्या 'विषा'चा हा उतारा, ते विष आपला हात होता.

इथे कुणी म्हणेल की, वमन-विरेचन तर आयुर्वेदातही आहे. आहे. पण आयुर्वेदाचे मूळ ग्रंथ आणि स्मृती यांना एका पंक्तीला बसवू नये. चरकसंहितेत अन्नाचे गुण सांगताना गोमांसाचाही गुण सांगितला आहे. वाताच्या विकारात, विषमज्वरात, कोरड्या खोकल्यात ते हितकर म्हटले आहे. मांसरस तर क्षीण रोग्याला जागोजाग सांगितला आहे. वैद्याला रोगी बरा करायचा असतो. त्याला अन्नाची जात पाहून चालत नाही. म्हणूनच की काय, मनूच्या चौथ्या अध्यायात ज्यांचे अन्न खाऊ नये अशांच्या यादीत चांभाराबरोबर वैद्यही बसला आहे. रक्त, पू, मलमूत्र हाताळणारा तो, म्हणून त्याचे अन्न पुवासारखे. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ साली प्राचीन भारतातील विज्ञान आणि समाज यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात हा झगडा विस्ताराने उलगडला आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी तो मिळवून वाचावा. तेव्हा आजचा डिटॉक्स शब्द घेतो वैद्याच्या पेटीतून आणि काम करतो प्रायश्चित्ताचे, असे मला दिसते.

आता महाड. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला बाबासाहेबांच्या मागून माणसे चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. नगरपालिकेने १९२४ सालीच ते तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. मारहाण झाली, ती सर्वांना ठाऊक आहे. मला इथे बोलायचे आहे ते त्यानंतरच्या एका विधीविषयी. दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या गेल्या. तळे शुद्ध झाले.

मी वर्गात हा प्रसंग शिकवतो तेव्हा शास्त्र शाखेची मुले हसतात. त्यांना जीवाणू माहीत असतात. तेव्हाच्या लोकांनाही माहीत असायला हरकत नव्हती. कॉलरा पाण्यातून पसरतो, हे त्याआधी कितीतरी वर्षे सिद्ध झाले होते, आणि कॉलऱ्याचा जंतू जनावरांच्या नव्हे तर माणसांच्या मैल्यातून येतो हे मान्य करूनही पिण्याच्या पाण्यात शेण कालवणे ही आरोग्याची रीत म्हणून कोणताही डॉक्टर सांगणार नाही. अंगाला अपायकारक ते पाण्यात घालून, अंगाला निरुपद्रवी असे जे होते, आपली ओंजळ, ते काढून टाकले गेले. डिटॉक्सची इतकी स्वच्छ व्याख्या मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

पण त्याच परिषदेत दुसरेही काही झाले, आणि त्याची गल्लत होते म्हणून जरा थांबतो. बाबासाहेबांनी तिथे जमलेल्यांना मेलेल्या ढोराचे मांस सोडा, उष्टे मागून खाणे सोडा, असे बजावले. आमच्यातले काही शिकलेले लोक आज याचा अर्थ लावतात की, बाबासाहेबांनीही 'शुद्ध आहार' सांगितला. हा अर्थ चुकीचा आहे. मृतमांस हे नुसते अन्न नव्हते, ती महारकीची मजुरी होती. गावचे ढोर मेले की ओढून न्यायचे, आणि त्याचा मोबदला म्हणजे तेच ढोर. ते सोडणे म्हणजे ते काम सोडणे आणि त्या कामाबरोबरचा दर्जा सोडणे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळच मृत गाईच्या मांसाशी नेऊन जोडले. गाय पवित्र ठरली तेव्हा ज्यांना ते मांस खाण्यावाचून इलाज नव्हता ते अस्पृश्य ठरले, अशी त्यांची मांडणी आहे. ज्याने आपल्या लोकांना ते सोडायला सांगितले त्यानेच ते खाणाऱ्यांना दोषी धरायला नकार दिला. प्रायश्चित्तात खाणारा अपराधी असतो. महाडला अपराधी दुसरा होता.

निसर्गोपचाराची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण महाराष्ट्राशी तिचा संबंध आहे. जर्मनीतल्या लुई कुने आणि अडॉल्फ यूस्ट यांची पुस्तके वाचून गांधीजी मातीच्या पट्ट्या, कटिस्नान आणि उपास यांकडे वळले. १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम काढला. गरिबाला परवडेल असे औषध त्यांना हवे होते, ही गोष्ट मी नाकारत नाही. पण १९३६ च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला आहे. त्यात त्या माणसाने मैला नुसता उचलायचा नाही, त्याची पारख करून घरातल्या माणसांना प्रकृतीविषयी वेळीच सूचनाही द्यायची आहे. म्हणजे काम प्रयोगशाळेतल्या तपासनिसाचे, पगार आणि पाटी मात्र तीच! १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेब या विचारावर का तुटून पडले हे हा लेख वाचला की कळते. भंगीकाम थोर आहे असे सांगायचे आणि ते एकाच जातीने करायचे.

घरच्या मूत्रपिंडांबद्दल इतके बोलणारा हा समाज गावाच्या मूत्रपिंडांबद्दल कधी बोलत नाही. शहराच्या अंगातले विष रोज कोण काढतो? इथे विषाला नाव आहे : हायड्रोजन सल्फाइड. तुंबलेल्या गटारात तो साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच मरते, वास येईनासा होतो आणि माणूस दोन श्वासांत खाली कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढली, उतरणाऱ्याची जात बदलली नाही. सात दिवस रस पिऊन आतडी धुणाऱ्या माणसाच्या घरचे सांडपाणी कुठे जाते, हा प्रश्न त्या कागदावर नव्हता.

आता भाचीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपले खाणे कसे होते?

याही बाबतीत हल्ली एक नवी हवा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्याचे वर्ष पाळले. तेव्हापासून ज्वारी, बाजरी, नाचणी यांना पंचतारांकित हॉटेलात मान आला. आंबील बाटलीत भरून विकतात. तरवटा, घोळ, पाथरी, चिवळ या भाज्यांची प्रदर्शने भरतात. आमचे काही मित्र छाती पुढे काढून म्हणतात, बघा, आमचेच अन्न आरोग्याचे होते. मला हे अर्धेच पटते. आई कण्या शिजवायची ती तंतुमय पदार्थांसाठी नव्हे, पीठ पुरत नसे म्हणून. तरवटा खुडायची तो ज्वारी काढणीला येईपर्यंत दुसरे काही नसायचे म्हणून. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो. ती मिलोची भाकरी काही आरोग्याचा प्रयोग म्हणून खाल्ली नव्हती. चान्या वाळत घालायचो, कारण मांस मिळायचे एकदम आणि भूक लागायची रोज. शाहू पाटोळे यांनी २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांचे सगळे कोरड्यास लिहून ठेवले आणि त्याला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले. त्या 'अपूर्ण' शब्दात तेल नाही, तूप नाही, दूध नाही, हे सारे आले. आमच्या स्वयंपाकात विष नव्हते. कमतरता होती. आई पन्नाशी गाठायच्या आत गेली. तिच्या अंगात साठलेले काही नव्हते, रक्तच नव्हते.

हे जुने झाले असेही नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्यांच्या पोटात जायलाच हवे त्यांना पोटातले काढायला सांगणारा कागद वसतिगृहात कसा शिरतो, याचे मला वाईट वाटते. पोर काही मूर्ख नव्हे. वर्गातल्या मुली डब्याकडे पाहून नाक मुरडतात, तेव्हा 'विष' हा शब्द तिला लगेच ओळखीचा वाटला. नाहीतर पोटभर जेवायला मिळालेली ही आमच्या घरातली पहिली पिढी, तिने चार दिवस उपाशी का राहावे?

रोजच्या सवयींविषयी आपल्या घरात काही सांगितलेलेच नाही असे मात्र नाही. पालि वाङ्मयात कोसलचा राजा पसेनदी येतो. तो एका वेळी द्रोणभर भात खाई आणि धापा टाकत बुद्धाकडे येऊन बसे. बुद्धाने त्याला उपास सांगितला नाही, पाप सांगितले नाही. जागरूकपणे, मापात खाणाऱ्याला त्रास कमी होतो आणि तो सावकाश म्हातारा होतो, एवढेच सांगितले. राजाने एका तरुणाला रोज शंभर कार्षापण देऊन नोकरीला ठेवले. जेवताना त्याने ते वचन म्हणून दाखवायचे. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि हलका झाला. यात विष कुठेच नाही. ज्या बुद्धाने स्वतः वर्षानुवर्षे देह सुकवून पाहिला आणि मग तो मार्ग सोडून अन्न घेतले, तो दुसऱ्याला काय उपास सांगणार! विनयपिटकात एक प्रसंग आहे : अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला आहे आणि कुणी त्याच्याजवळ जात नाही. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि मग इतर भिक्खूंना जाब विचारला. त्यानंतर बुद्धाने काही प्रायश्चित्त घेतल्याची नोंद नाही.

आणि पुण्णिका. थेरीगाथेतली ही पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीत उभ्या असलेल्या ब्राह्मणाला ती विचारते, तू कशाला भितोस? तो म्हणतो, पाप धुतो आहे. तिचा प्रश्न असा की, पाण्याने पाप जात असेल तर बेडूक-कासवे आधी स्वर्गात जायला हवीत. रोज त्याच थंडीत, मालकाच्या धाकाने त्याच पाण्यात उतरणारी बाई होती ती. पाण्याचे गुण तिच्याइतके त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते.

ही गोष्ट मी भाचीला सांगितली. ती हसली, आणि बऱ्याच दिवसांनी जेवताना तिने सुकटाची चटणी मागून घेतली. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या; शेंगदाणे, पालेभाजी, जमेल तेव्हा कलेजी आणि रोज एक अंडे खायला सांगितले होते. ती म्हणाली, "मेसमध्ये अंडं चालत नाही." कारण विचारले तर तिला माहीत नव्हते, कधी कुणी विचारलेच नव्हते. शाळांतल्या पोषण आहारातले अंडेही राज्य सरकारने २०२३ साली आठवड्यातून एकदा सुरू केले आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा पैसा बंद केला, तेव्हा हे काही एका मेसचे दुखणे नाही.

परत जाताना तिने त्या छापील कागदाच्या कोऱ्या पाठीवर अर्जाचा मसुदा लिहिला : आठवड्यातून किमान तीन वेळा अंडे द्यावे, न खाणाऱ्या मुलींना केळी व दूध द्यावे. मी दोन ठिकाणी शुद्धलेखन तपासले. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. सह्या सत्तावीस झाल्या आहेत. त्यांतल्या अकरा जणी स्वतः अंडे खात नाहीत.